टाकाला नाक नाही

प्रिय हर्षाली,

परवा तुझा फोन मध्येच तुटला तो रेंज गेली म्हणून नव्हे. मी ठेवला. तू फोन स्पीकरवर टाकतेस, मागे तुझ्या पुण्याच्या ऑफिसातली पोरंपोरी खिदळत असतात, मध्येच कुणीतरी “हाय काकू” करतं, आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला घेतलं. रविवारी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तुझ्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला येशील ना आणि स्टेजवर बसशील ना, एवढंच तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी मला ओकून मोकळं होऊ दे. गेला आठवडाभर मला मळमळतंय. तुझे बाबा पित्त समजून मला सुंठ-साखर चारताहेत आणि मी मुकाट्याने खातेय, कारण खरं कारण सांगितलं तर ते लगेच तुला फोन लावतील आणि तो पुन्हा स्पीकरवर जाईल.

तू बालवाडीला पाठवलेला तुमच्या प्रकाशनाच्या पुस्तकांचा खोका पोचला. मी रिटायर झाले तरी सकाळची तिथे जाऊन बसते हे तुला ठाऊक आहे. माझ्या जागी आलेली मोहिनी गुणाची आहे, पण अजून नवी आहे, पोरं तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात. खोका बघून तिला काय आनंद झाला. गुळगुळीत कागद, पानभर चित्रं, आणि प्रत्येक पुस्तकावर एका कोपऱ्यात लिहिलेलं, ‘जुन्या गोष्टीला नवं वळण’. मी म्हटलं, आण इकडे, मी वाचून दाखवते. पंचवटीतल्या त्या खोलीत मी जन्मभर गोष्टीच सांगितल्या, तेव्हा नव्या वळणाच्याही सांगता येतील असं मला वाटलं.

पहिल्या पुस्तकातला लांडगा शाकाहारी निघाला. त्याला म्हणे लहानपणी कुणी खेळायला घेत नव्हतं, म्हणून तो आजीच्या घरी जातो आणि दोघं मिळून गाजराचं सूप पितात. दुसऱ्यात राक्षसिणीला रागाचा त्रास आहे, तर तिला डोळे मिटून श्वास मोजायला शिकवतात आणि ती शहाणी होते. भोपळ्यात बसून जंगलातून जाणाऱ्या म्हातारीला तर तुम्ही वाघाबरोबर सेल्फी काढायला लावलंत. वळण कसलं गं, सगळ्या गोष्टी नेऊन एकाच खड्ड्यात घातल्यात. कुणी कुणाला खात नाही, कुणी घाबरत नाही, सगळे सगळ्यांना मिठ्या मारतात. लांडग्याचं पुस्तक संपलं तेव्हा आमची वेदिका पुढे आली. चिमुरडी आहे, बोलते कमी. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि शेवटची पानं नखाने सुटी करून बघायला लागली. मी विचारलं काय शोधतेस, तर म्हणाली, खायचं पान चिकटलं असेल. मला हसू आलं आणि त्याच वेळी तोंडात काहीतरी गुळमट, बुळबुळीत आल्यासारखं झालं. तूप खवट झालंय हे घास तोंडात गेल्यावर कळतं, तसं.

आणि खोक्याच्या तळाशी तुझं पुस्तक. ‘सावत्र आई, सुपर आई’. खाली तुझं नाव, ठळक अक्षरात. खोटं नाही सांगत, मी आधी पदराने ते मुखपृष्ठ पुसलं, त्यावर काही नसताना. मोहिनीला दाखवलं, पोरांना दाखवलं, शेजारच्या गिरणीवाल्यालाही दाखवून आले. मग बसून उघडलं.

माझी बोरीची गोष्ट आहे ती. मी तुला सांगायचे तीच, हे पहिल्या दोन पानांत कळलं. एका पोरीची आई मरते, बाप दुसरी करून आणतो, मेलेली आई वाटेवर बोरीचं झाड होऊन उभी राहते. इथवर ठीक. पुढे तुझी ती सावत्र आई येते ती हसतच येते. पोरीच्या वेण्या घालते, तिचा अभ्यास घेते, बोरांचा केक करते. एकदाही तिच्या कपाळाला आठी पडत नाही. बोरीला काटे नाहीत. हर्षाली, तू नाशिकची पोर, सटाण्याच्या वाटेवर बोरं वेचताना हातापायांना ओरखडे काढून घेतलेली, आणि तू तुझ्या त्या चित्रकाराला बिनकाट्याची बोर काढू दिलीस? शेवटच्या पानावर सुपर आईच्या गळ्यात बदामाच्या आकाराचं सोनेरी लॉकेट आहे, त्यात मेलेल्या आईचा चेहरा, गुलाबी ओठ, लांब पापण्या, टूथपेस्टच्या जाहिरातीत असतात तसे दात. आणि ती लॉकेटातून म्हणते, “थँक यू, ताई!” मी पुस्तक मिटलं. मेलेली बाई आपल्या सवतीला थँक यू म्हणते हे लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही, मला कळलं नाही. शिसारी आली मला.

पण ते लॉकेट नुसतं चित्रात असतं तरी मी गिळलं असतं. तुम्ही ते पुस्तकाबरोबर फुकट दिलंय. प्लास्टिकचं, वर चमचम लावलेलं, रबराच्या दोरीत. मोहिनीने बिचारीने हौसेने सगळ्या पोरींच्या गळ्यात घातलं. थोड्या वेळाने बघते तर एकीच्या जिभेवर सगळी चमचम उतरलेली, एकीच्या नाकातला शेंबूड त्या गुलाबी ओठांवरून ओघळतोय, दोघी एकमेकींचं लॉकेट ओढताहेत. मी सगळ्या पोरींची तोंडं धुतली. स्वतःचंही धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदिकाची आजी आली, कुसाबाई. मेलेल्या उंदराची शेपटी धरतात तसं ते लॉकेट दोन बोटांत धरून. मोहिनीसमोर टाकलं आणि म्हणाली, “बाई, लग्नाआधीच सवत बांधली व्हय माझ्या नातीच्या गळ्यात?” मोहिनी आजची पोर, तिला काही कळेना, ती हसली. म्हातारी आणखी भडकली. मी मध्ये पडले, चुकून झालं म्हटलं, पुण्याच्या लोकांना आपल्या रीती कुठल्या ठाऊक म्हटलं, आणि बोलताना माझा हात आपोआप छातीशी गेला, पदर नीट करायला. म्हातारीने ते पाहिलं. माझ्या गळ्यातला काळा दोरा आणि त्यातली चांदी तिला दिसली. मग तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि ती नातीला घेऊन गेली. पुण्याच्या लोकांना असं मी म्हणाले खरी, पण पुस्तक पुण्याच्या कुणी लिहिलं नव्हतं, माझ्या घरात वाढलेल्या पोरीने लिहिलं होतं.

कारण तुला तर माहीत आहे ना ते लॉकेट नव्हे. तो टाक आहे. सवतीचा टाक. बिजवराला दिलेल्या पोरीने नवऱ्याच्या पहिल्या बायकोची चांदीची प्रतिमा गळ्यात घालायची, आपल्याकडे अशी रीत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, सणाचा घास आधी टाकाला दाखवायचा, हळदीकुंकवाला कुणी कुंकू लावायला आलं की आधी बोट टाकाला, मग आपल्या कपाळाला. तुझी आजी, म्हणजे माझी सासू, दरवेळी दारात उभी राहून बघायची आणि सांगायची, “आधी तिला, मग तुला.” तुझ्या पुस्तकात सुपर आई ते लॉकेट हसत हसत गळ्यात घालते, वरून फुलं पडतात. मी काय केलं ते तुला कुणी सांगितलं नाही म्हणून तू फुलं पाडलीस, म्हणून आज सांगते.

मला त्या टाकाची किळस यायची. मांडवातून घरी आले आणि सासूने तो गळ्यात बांधला तेव्हा चांदी छातीला लागली ती इतकी गार की माझ्या अंगावर काटा आला. सिंधूला, म्हणजे टाकातल्या त्या पहिलीला, मी कधी पाहिलेलं नव्हतं. तिचा फोटोही घरात नव्हता, तुझ्या बाबांनी काढायचं मनावर घेतलं नव्हतं कधी. जी बाई मी पाहिली नाही, जिच्या चुलीवर मी स्वयंपाक करायचा, जिच्या नवऱ्याला जेवायला वाढायचं, ती माझ्या मंगळसूत्राला लागून लोंबकळत होती. वाकलं की पुढे यायची, भाकरी थापताना परातीवर टकटक वाजायची. मी तो ब्लाउजच्या बाहेर ठेवायचे, अंगाला लागू नये म्हणून. सासूने पाहिलं की पुन्हा आत. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जिवंत बाईला असंच वाटणार.

आणि तू. तू तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होतीस. माझ्याकडे यायची नाहीस. कोठीच्या मागे जाऊन बसायचीस, तुझे बाबा मार्केट यार्डातून येईपर्यंत तिथेच. ते मापारी, दिवसभर कांद्याचं वजन करून यायचे आणि अंगाला कांद्याचा वास येत असतानाच तुला उचलायचे, मगच तू जेवायचीस. मी गूळ दिला, भातुकली आणली, काही केल्या तू जवळ येईनास. एक दिवस मी खाली बसून तांदूळ निवडत होते. टाक बाहेर लोंबत होता. तू रांगत आलीस, चालता येत असूनही रांगत, आणि तो हातात घेऊन सरळ तोंडात घातलास. मी हलले नाही. तांदूळ तसाच सुपात. तू चोखत राहिलीस आणि माझ्या मांडीवर झोपलीस.

मग ते रोजचंच झालं. झोप आली की तू यायचीस, माझ्या पदरात हात घालून टाक शोधायचीस आणि म्हणायचीस, “आई.” घरात कुणीतरी तुला शिकवलं असणार की ही बघ तुझी आई, टाकात आहे. बहुतेक सासूनेच. मला ते कळत होतं. तू टाकाला आई म्हणायचीस. पण हाक तर माझ्या कुशीतून यायची, माझ्या तोंडाकडे बघून यायची, आणि घरात तिला उत्तर द्यायला दुसरं कोण होतं? चांदी काही बोलत नाही. ओ मी द्यायचे. पहिल्यांदा दिली तेव्हा मलाच दचकायला झालं. मग सवय झाली. तू अंगणातून आई म्हणायला लागलीस, शाळेतून आल्यावर दप्तर टाकत म्हणायला लागलीस, टाक जवळ नसतानाही म्हणायला लागलीस, आणि मी ओ देत राहिले. यातली कुठली हाक तिची आणि कुठली माझी, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायची गरजही पडली नाही.

बोरीची गोष्ट तेव्हाची. माझ्या गोष्टीतली सावत्र आई तुला आठवते? मी तिचा आवाज काढायचे, नाकातून. ती पोरीला कोंड्याची भाकरी द्यायची, तीही करपलेली. रानात शेण वेचायला धाडायची, पायात चप्पल नाही. पोरीचे बोरांनी रंगलेले ओठ बघून तिला संशय यायचा आणि ती कुऱ्हाड घेऊन बोरीपाशी जायची. मग बोरीचे सगळे काटे तिच्या अंगात घुसायचे, डोळ्यांत, नाकात, जिभेत, आणि ती बोंबलत पळत सुटायची. तू भीतीने माझ्या पोटात शिरायचीस, टाक घट्ट धरून, आणि म्हणायचीस, “अजून वाईट कर तिला.” मग मी आणखी वाईट करायचे. तिला कुबड द्यायचे, तिच्या कानातून केस काढायचे. तू खदखदून हसायचीस. गोष्ट संपली की मी उठून कुकर लावायचे. ती गोष्टीतली बाई इतकी दुष्ट होती की मला चांगली असायची कसलीच सक्ती नव्हती. मी नुसती असायचे. हे तुला कळलंच नाही, एवढी शिकलीस आणि गोष्टींचाच धंदा करतेस तरी.

दुसरीत असताना तू शाळेतून ओरबाडलेला गाल घेऊन आलीस. मागच्या गल्लीतली कुणी पोर तुला म्हणाली होती, तुझी आई सावत्र आहे. तू तिचे केस उपटून आली होतीस. तुझ्या वर्गाच्या बाई घरी आल्या, मी घाबरले, आता सगळं सांगावं लागणार म्हणून. तू कमरेवर हात ठेवून बाईंना म्हणालीस, “सावत्र गोष्टीत असते. घरात नसते.” तुला वाटायचं हडळ असते, राक्षसीण असते, तशी सावत्र हा एक प्रकार असतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी विषय बदलला. त्या दिवसापासून या घरात तो शब्द गोष्टीबाहेर कुणी काढला नाही. सासूनेही नाही, आणि तिची जीभ कशी होती तुला ठाऊक आहे. पुढे तुला अर्थ कळला असेल, कधी कळला मला माहीत नाही. तू काही बोलली नाहीस आणि मलाही बरं वाटलं.

आणखी एक सांगते, मग आवरते. टाकाला तुझ्या चित्रकाराने गुलाबी ओठ काढलेत, पण खऱ्या टाकाला ओठच नाहीत. नाकही नाही, डोळेही नाहीत. पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली ती बाई, तू तिला दोन वर्षं चोखलंस, आणि तुझ्या लाळेने ती काळी पडते म्हणून मी रोज चिंच लावून घासायचे. तू चोख, मी घास. दोघींनी मिळून तिचा चेहरा पुसून टाकला. तुझी सटाण्याची आजी, सिंधूची आई, एका दिवाळीला आली होती. मला तिची भीती वाटायची. तिने जवळ बसवून टाक हातात घेतला, अंगठ्याने चाचपला आणि विचारलं, नाक कुठं गेलं? माझ्या तोंडून निघून गेलं, तुमच्या नातीने खाल्लं. मला वाटलं आता ही रडणार किंवा शाप देणार. ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. आणि टाक सोडून तिने माझी हनुवटी धरली आणि शेजारणीला सांगितलं, “हाई मनी पोर शे.” तिचीच पोर म्हणून तेव्हापासून मला दिवाळीचं लुगडं सटाण्याहून यायचं, तिच्या मरणापर्यंत. आता तो टाक गार लागत नाही. अंघोळीला काढला तर मला चुकल्यासारखं होतं. पण हे असं व्हायला केवढा काळ जावा लागला, किती किळस आतल्या आत जिरवावी लागली, ते तू एका पानात फुलं पाडून उरकलंस. आणि वर फुकट वाटलंस.

तुझी ती सुपर आई मला बघवत नाही गं. तिला राग येत नाही. तुझ्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा मी तुझे केस कात्रीने भादरले होते आणि तू रस्त्यावर ऐकू जाईल असा गळा काढला होतास, म्हणून पाठीत दोन धपाटेही घातले होते. दहावीला तू गणिताचे मार्क लपवलेस तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. पाहुणी असते तर हसत राहिले असते, केक केला असता. घरातल्या बाईला राग येतो. तुझ्या पुस्तकातली बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहुणीच आहे, परीक्षेला बसल्यासारखी, आणि शेवटी तिला पास करतात. माझी परीक्षा तू कधी घेतली होतीस? मला तर आठवत नाही.

तुझ्या बाबांचं काय सांगू. त्यांना वाटतं मुलीने आईचं नाव काढलं. कार्यक्रमाचं ते पोस्टर त्यांनी प्रिंट काढून यार्डातल्या जुन्या लोकांना वाटलं. ‘खऱ्याखुऱ्या सावत्र आईला भेटा, तिचं खरंखुरं लॉकेट पाहा’. सर्कशीत वाघ बघायला बोलावतात तसं. आणि काल बघते तर तुमचं फुकटचं लॉकेट त्यांनी स्कूटरच्या आरशाला लावलंय. सिंधूचा नवरा तो, आणि सिंधू गुलाबी ओठांनी पेठ नाक्याच्या सिग्नलला हलतेय. मी ते ओढून तोडलं आणि गटारात टाकलं. ते एवढंच म्हणाले, “मला वाटलं, तुला आवडेल.” तूही हेच म्हणशील, मला माहीत आहे. तुला वाटलं मला आवडेल. जगातल्या सगळ्या सावत्र आयांची बदनामी धुऊन काढायची आणि सुरुवात माझ्यापासून करायची, असं तुझ्या मनात होतं. मन चांगलं आहे तुझं, त्यावर मी शंका घेत नाही. पण गोष्टीतली सावत्र तू चांगली केलीस आणि घरातली आई सावत्र करून ठेवलीस, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. मळमळ लॉकेटाने सुरू झाली नव्हती, ती पुस्तकाच्या पहिल्याच पानावर झाली होती. तिथे तू छापलंयस, ‘माझ्या सावत्र आईस, प्रेमपूर्वक’. ते वाचलं आणि मला वाटलं, जे मी कधी विचारलं नाही त्याचं उत्तर आलं. म्हणजे ती हाक पहिल्यापासून टाकालाच होती आणि मी आगाऊपणाने मध्येच ओ देत राहिले. आठवडाभर हेच डोक्यात आहे, सुंठीने जाणारं नाही. तर रविवारचं असं आहे. मी येणार. टाक गळ्यात असेलच, पण पदराच्या आत, कुणाला दाखवणार नाही. टेबलावर ती लॉकेटं मांडलेली दिसली तर मी दारातूनच परत फिरेन. स्टेजवर आधीपासून बसणार नाही, मागच्या खुर्चीत बसेन, तुझ्या बाबांच्या शेजारी. माइक तुझ्या हातात असेल. “माझी सावत्र आई” म्हणून बोलावलंस तर सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवीन, ती बाई कुठे बसलीये ते वळून बघेन, आणि घरी निघून येईन. नुसतं “आई” म्हणालीस, तर कुणाला म्हणतेस हे मी याही वेळी विचारणार नाही. ओ देईन आणि उठून येईन.

तुझीच,
आई